शरीरातील दोन वाटण्या



आजच्या विषयाचा फलक वाचून काही मंडळींच्या मनात शंका आली असेल. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, महागाई भत्त्यावर बोलेल, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलेल. पेशीविभाजन हा विषय त्याच्या वाट्याला कसा आला? शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, प्राध्यापकही नव्हे. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. परंतु तीस वर्षे कामगारवस्तीत वावरताना एक गोष्ट पुनःपुन्हा कानांवर पडत आली. घरात मोठे दुखणे आले, तिसरी मुलगी झाली, एखादे मूल वेगळे जन्मले, की पहिला प्रश्न निघतो तो ‘दोष कोणाचा?’ आणि उत्तरही तयार असते : बाईचा, नाहीतर नशिबाचा. या प्रश्नाचे खरे उत्तर शोधीत निघालो आणि पेशीच्या दारात येऊन उभे राहिलो. म्हणून हा विषय.

प्रथम पेशी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. या सगळ्यांची वंशावळ मागे नेली तर ती एकाच पेशीपाशी थांबते. आईच्या बीजाचा आणि बापाच्या शुक्राणूचा संयोग होऊन जी पेशी बनली तिच्यापाशी. पेशी पेशीपासूनच जन्मते, आकाशातून पडत नाही, ही गोष्ट आज शाळेतला मुलगाही सांगेल. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे विद्वान पेशी कसल्याशा द्रवातून गोठून तयार होते असे मानीत होते. रॉबर्ट रेमाक याने १८५० नंतरच्या काही वर्षांत पेशी विभागूनच वाढतात हे दाखविले आणि रुडॉल्फ फिरखो याने १८५५ साली व पुढे १८५८ च्या बर्लिनमधील व्याख्यानांत हे तत्त्व जगापुढे ठामपणे मांडले. हा फिरखो आम्हांला आणखी एका कारणाने जवळचा वाटतो. १८४८ साली अप्पर सायलेशियात तापाची साथ पसरली तेव्हा सरकारने त्याला पाहणीला पाठविले. त्याने परत येऊन औषधांची यादी दिली नाही. तिथल्या गरिबांना शिक्षण द्या, पोटभर अन्न द्या, कारभारात वाटा द्या, असा अहवाल दिला. रोगाचे कारण शोधताना तो सूक्ष्मदर्शकातही पाहत होता आणि झोपडीतही पाहत होता.

आता विभाजनाकडे वळू. माणसाच्या शरीरात पेशींच्या विभाजनाचे मुख्य प्रकार दोन. एक सूत्री विभाजन, म्हणजे शरीर वाढविण्याचे आणि झिजलेले भरून काढण्याचे. दुसरे अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे पुढच्या पिढीसाठी बीज तयार करण्याचे. आमच्या भाषेत सांगायचे तर या दोन वाटण्या आहेत. पहिल्या वाटणीत प्रत्येक वारसाला सगळी इस्टेट मिळते. दुसरीत प्रत्येकाला निम्मी मिळते.

पहिली वाटणी ऐकून शेतकरी हसेल. पाच एकर दोन भावांत वाटले तर प्रत्येकाला अडीचच एकर येणार. दोघांनाही पाच-पाच कसे मिळतील? पेशीच्या घरी ते मिळतात, कारण वाटणीच्या आधीच पेशी पाचाचे दहा एकर करून ठेवते. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात डी. एन. ए. नावाचा लांबच लांब धागा असतो. एका पेशीतला हा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. त्यावर शरीराचा सगळा मजकूर सुमारे ६०० कोटी अक्षरांत लिहिलेला आहे. विभाजनापूर्वी सात-आठ तासांत या साऱ्या मजकुराची दुसरी प्रत तयार होते. छापखान्यातल्या खिळे जुळविणाऱ्याला विचारा, सोळा पानांचे फर्मे जुळवताना किती चुका राहतात! पेशीतही चुका होतात. परंतु तिथे मुद्रिते तपासणारे प्रथिनांचे पथक कायम कामावर असते, आणि अखेरीस शंभर कोटी अक्षरांत सुमारे एखादीच चूक शिल्लक राहते.

प्रती तयार झाल्या की वाटप सुरू होते. वाढणाऱ्या मानवी पेशीचा फेरा चोवीस तासांचा धरला तर प्रत्यक्ष वाटपाला त्यातला तासभर पुरतो. पूर्वावस्थेत तो विस्कटलेला धागा गुंडाळला जाऊन आखूड, जाड काड्या दिसू लागतात, हीच गुणसूत्रे. माणसात ती ४६ असतात, २३ आईची आणि २३ बापाची. प्रत्येक काडी आता जोडकाडी असते. मध्यावस्थेत सगळ्या जोडकाड्या पेशीच्या मध्यरेषेवर रांगेने उभ्या राहतात. दोन्ही टोकांकडून बारीक तंतू येऊन त्यांना पकडतात. शास्त्रीय पुस्तकांत यांना तर्कुतंतू म्हणतात. तर्कू म्हणजे चाती. गिरणीत चातीवर सूत गुंडाळले जाते, इथे चातीच्या आकाराच्या तंतूंनी सूत्रे ओढली जातात. पश्चावस्थेत जोडकाडी उभी दुभंगते आणि तिचे दोन भाग दोन टोकांना जातात. अंत्यावस्थेत दोन्ही टोकांना नवी केंद्रके तयार होतात, पेशीची कंबर आवळत जाते आणि एकीच्या दोन पेशी होतात. दोघींकडे ४६ गुणसूत्रे. एकीला अधिक नाही, दुसरीला उणे नाही.

हे काम शरीरात किती वेगाने चालते? अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या रक्तपेशी तयार होतात. तांबडी पेशी स्वतः विभागू शकत नाही, कारण प्राणवायू वाहून नेण्याच्या कामासाठी ती आपले केंद्रकच टाकून देते. सुमारे १२० दिवस राबून ती संपते. तिच्या जागी येणाऱ्या नव्या पेशी मज्जेतल्या मूळ पेशी विभागून पुरवतात. आतड्याच्या आतले अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलते. वरच्या कातडीला महिनाभर लागतो. यकृत एरवी स्वस्थ असते, पण त्याचा तुकडा कापला तर उरलेल्या पेशी कामाला लागून भर घालतात. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र जन्मभर बदलत नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूंत नवी भरती अगदीच थोडी होते. एक अपवादही सांगून ठेवतो. मज्जेतल्या काही महापेशी मजकुराच्या प्रतींवर प्रती काढतात, परंतु विभागत नाहीत. त्यांचे तुकडे पडून रक्त गोठविणाऱ्या बिंबिका तयार होतात.

ही वाटणी प्रथम नीट पाहिली ती वॉल्थर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने. त्याने सॅलॅमँडर नावाच्या प्राण्याच्या पिलांच्या पेशी घेतल्या आणि १८८२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पेशी तर पारदर्शक. मग त्याला ही सूत्रे दिसली कशी? रंगांमुळे दिसली. त्या काळी डांबरापासून काढलेले ॲनिलीनचे रंग कापड रंगविण्यासाठी निघाले होते. त्यातले काही रंग पेशीवर टाकले की केंद्रकातली सूत्रे तेवढी गडद रंगतात. गुणसूत्राला युरोपीय भाषांत जे नाव पडले त्याचा अर्थही ‘रंग घेणारी वस्तू’ असाच आहे. ते नाव १८८८ साली वाल्डायरने दिले. कापडाच्या धंद्याने विज्ञानाला डोळे दिले, असे म्हणायला हरकत नाही.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्ही तुमच्यापुढे ठेवलीच पाहिजे. ज्या कारखान्यांत हे रंग तयार होत, तिथल्या कामगारांचे काय झाले? १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी सांगितले की, फुक्सिन हा रंग बनविणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. ज्या रंगांनी पेशीची शिस्तबद्ध वाटणी दाखविली, ते रंग बनवितानाच कामगाराच्या पेशींची शिस्त मोडत होती.

शिस्त मोडते म्हणजे काय? विभाजन मनाला येईल तेव्हा होत नाही. मजकुराची प्रत पूर्ण झाली का, धागा कुठे तुटला आहे का, सगळी गुणसूत्रे तंतूंना नीट जोडली गेली का, हे तपासण्याचे नाके पेशीत ठिकठिकाणी असतात. या व्यवस्थेचा शोध लावल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नाक्यावर दोष सापडला तर काम थांबते, दुरुस्ती होते. दुरुस्ती अशक्य असेल तर ती पेशी स्वतःचा शेवट करून घेते. परंतु काजळी, डांबर, काही तेले, तंबाखूचा धूर, क्ष-किरण यांचा मारा वर्षानुवर्षे झाला, तर कधीतरी नाक्यावरच्या पहारेकऱ्याचाच मजकूर बिघडतो. मग ती पेशी विचारपूस न होता विभागते, तिच्या लेकीही तशाच विभागतात. कर्करोग म्हणतात तो हा. गुणसूत्रांतल्या बिघाडातून कर्करोग उद्भवतो, ही कल्पना थिओडोर बोव्हेरी याने १९१४ सालीच मांडली होती.

एका चुकीने हे होत नाही. चुका एकीवर एक साचाव्या लागतात, आणि त्याला काळ जातो. दहा, वीस, कधी तीस वर्षे. हा काळच कामगाराचा घात करतो. १७७५ साली पर्सिव्हल पॉट यांनी लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्यांचा रोग वर्णिला. कोवळी पोरे काजळीत उतरत आणि अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग त्यांना पुढे वयात आल्यावर होई. तोपर्यंत धुराडी दुसऱ्याच पोरांच्या ताब्यात गेलेली असत. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत तेच झाले. म्यूल नावाच्या सूतयंत्राच्या चात्यांना खनिज तेल दिले जाई, ते फिरत्या चात्यांवरून उडून कातणाऱ्याच्या कपड्यांत मुरे. १९२२ साली मँचेस्टरच्या सदम आणि विल्सन यांनी या कामगारांतल्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. १९२६ साली सरकारी समितीचा अहवाल आला, आणि निर्धोक तेल वापरण्याचे नियम व्हायला १९५३ साल उजाडले. एकतीस वर्षे! त्याआधीच टोकियोच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळून कर्करोग होतो हे १९१५ साली सिद्धही केले होते. पुरावा नव्हता असे नाही, उशीर मात्र झाला.

आमच्याच अनुभवातली एक हकीकत सांगतो. रंग-रसायनांच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला एक कामगार द्वारसभेनंतर आम्हांला भेटला. मूत्रमार्गातून रक्त जात होते, पुढे कर्करोग निघाला. त्याला विचारले, ‘कोणत्या खात्यात होता? कोणते द्रव्य हाताळीत होता?’ त्याला पिंपाचा रंग आठवत होता, नाव आठवत नव्हते. कारखान्याकडे विचारणा केली तर इतक्या जुन्या नोंदी नाहीत असे उत्तर आले. तो म्हणाला, ‘जाऊ द्या साहेब, आमच्या कपाळातच होतं.’ मंडळी, त्याचा रोग त्या पिंपातूनच आला असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसे सांगता येईना, कारण पाहायला कागदच नव्हता. कागद नसला की कपाळ पुढे येते.

१९४८ च्या कारखाने कायद्यात सूचनीय रोगांचे परिशिष्ट होते. डांबर, खनिज तेल, पॅराफिन यांपासून होणारा कातडीचा कर्करोग त्यात होता. किरणोत्सारी द्रव्ये आणि क्ष-किरण यांचे परिणामही होते. पुढे २०२० च्या संहितेनेही अशी यादी ठेवली. कायद्यात रोगाचे नाव आहे. कामगाराच्या वहीत द्रव्याचे नाव नाही. म्हणून आम्ही प्रत्येक सभेत सांगतो : कोणत्या साली, कोणत्या खात्यात, कोणते द्रव्य हाताळले, हे घरच्या वहीत लिहून ठेवा. पगाराची पावती जपता तशी ही वही जपा.

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपला खिसाही चाचपावा. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू चोळणारे, पहाटे मिश्रीने दात घासणाऱ्या आमच्याच घरात आहेत. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाचा कर्करोग आणि आपल्या लोकांच्या तंबाखू-सुपारीच्या सवयी यांचा संबंध अभ्यासला. मालकाच्या नावाने घोषणा देऊन चंची कमरेला ठेवली, तर गालाच्या आतल्या पेशी कोणाची बाजू घेणार?

उपचारांविषयी एकच गोष्ट सांगतो. आपल्या अंगणातली सदाफुली सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातून काढलेली विनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधे चातीच्या तंतूंची जुळणीच होऊ देत नाहीत. पेशी मध्यावस्थेत अडकून पडते आणि मरते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिनने फार मोठे काम केले आहे. पण म्हणून कोणी सदाफुलीची पाने चघळू नयेत. ते विष आहे आणि त्याचे माप डॉक्टरच जाणे.

आता दुसरी वाटणी. बीजपेशीतही ४६ गुणसूत्रे राहिली असती, तर मुलात ९२ झाली असती, नातवात १८४. तसे होऊ नये म्हणून बीज तयार होताना संख्या निम्मी होते. प्रती एकदाच निघतात, पण विभाजन दोनदा होते. पहिल्या विभाजनापूर्वी आईकडून आलेले गुणसूत्र आणि बापाकडून आलेले त्याचे जोडीदार एकमेकांना बिलगतात, आपसांत काही तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग वेगळे होतात. दुसरे विभाजन सूत्री विभाजनासारखेच. शेवटी प्रत्येक पेशीत २३. कोणत्या जोडीतले कोणते गुणसूत्र कोणीकडे जाईल याचा नियम नाही. २३ जोड्यांचे मिळून ८३,८८,६०८ प्रकार होतात, आणि तुकड्यांची अदलाबदल यात धरलेली नाही. एकाच आईबापांची लेकरे एकसारखी का नसतात, याचे उत्तर यात आहे.

पुरुषात या वाटणीतून चार सारखे शुक्राणू होतात आणि तारुण्यापासून ते काम चालू राहते. स्त्रीत वाटणी विषम असते. एकीला जवळजवळ सारा अन्नसाठा मिळून ती बीज होते, बाकीच्या लहान पेशी विरून जातात. आणखी नवल असे की, मुलीच्या बीजांची ही वाटणी ती आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि मध्येच थांबते. ती पुढे सरकते बीज सुटण्याच्या वेळी, आणि पुरी होते शुक्राणू मिळाला तरच. म्हणजे ज्या बीजापासून आपण झालो, ते आपली आई आजीच्या पोटात होती तेव्हाच घडू लागले होते. आजीने त्या दिवसांत जे खाल्ले, जे उपासमारीत काढले, त्या काळापासून आपला हिशेब सुरू होतो.

इतकी वर्षे थांबलेली वाटणी पुन्हा सुरू होताना कधी एखादी जोडी सुटत नाही. मग मुलात एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन येते. डाऊन लक्षणसमूह म्हणतात तो हाच. माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हे त्यो आणि लेवान यांनी १९५६ साली नक्की केले, आणि तीनच वर्षांनी, १९५९ साली, पॅरिसमध्ये ही जादा गुणसूत्राची गोष्ट उघड झाली. आईचे वय वाढते तशी याची शक्यता वाढते, परंतु तरुण आईलाही असे मूल होते. यात पूर्वजन्मीचे पाप नाही, ग्रहण पाळले-न पाळल्याचा संबंध नाही. ते मूल आपले आहे आणि त्याला आपल्या शाळेत, आपल्या अंगणात जागा हवी.

आता मुलगा की मुलगी. आईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. बापाच्या निम्म्या शुक्राणूंत एक्स, निम्म्यांत वाय. एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. हे १९०५ साली दाखविले नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी. त्या एका सुताराच्या कन्या. शाळेत शिकवून पैसे साठविले आणि मग उशिरा विज्ञान शिकायला गेल्या. त्यांनी हा उलगडा पिठातल्या किड्यांवर केला. माणसातही तोच नियम निघाला.

आपल्याकडे काय म्हणतात? पुरुष बी, बाई शेत. मोठी चलाख शेती आहे ही! पीक आले की मान बियाण्याला, मनासारखे आले नाही की दोष शेताला. वास्तविक १८८३ सालीच व्हॅन बेनेडन याने घोड्याच्या पोटातल्या जंतावर दाखविले होते की, बीजाकडून आणि शुक्राणूकडून गुणसूत्रे सारखीच येतात. बाई म्हणजे नुसते शेत नव्हे. निम्मे बियाणे तिचे. आणि मुलगी होणे हे जर बापाच्या शुक्राणूवर ठरते, तर तिसऱ्या मुलीनंतर सुनेला माहेरी धाडणाऱ्या घराने आपल्या चिरंजीवांना कुठे धाडावे? पण आम्ही आता दोष बापाच्या माथी मारावा असेही म्हणत नाही. वाय आला नाही हा गुन्हा नव्हे, कारण मुलगी ही काही नुकसानी नव्हे. गर्भातच तिला ओळखून संपविण्याची विद्या इथे इतकी फोफावली की, महाराष्ट्राला १९८८ साली आणि साऱ्या देशाला १९९४ साली कायदा करावा लागला. निसर्ग नाणेफेक करतो तशी जवळजवळ सारखी वाटणी करीत होता. तीत खोट केली ती आपण.

भगिनींनो आणि बंधूंनो, दोन्ही वाटण्यांचा विचार करताना एकच गोष्ट पुढे येते. जिथे कारण ठाऊक नसते तिथे दोष सर्वांत दुबळ्या माणसाच्या वाट्याला जातो : घरात सुनेच्या, कारखान्यात कामगाराच्या. कारण कळले की सगळे दुःख नाहीसे होत नाही, हे आम्ही जाणतो. त्या निवृत्त कामगाराचा रोग पुस्तक वाचून बरा झाला नसता. परंतु त्याच्याकडे वही असती, तर त्याच्या मुलाबाळांना निदान दाद मागता आली असती, आणि त्याच खात्यात आज उभ्या असलेल्या पोराला हातमोजे मागण्याचे धैर्य आले असते.

तेव्हा घरी गेल्यावर दोन कामे करा. घरातला कमावता माणूस कोणत्या द्रव्यात हात घालतो ते विचारा आणि लिहून ठेवा. आणि शेजारच्या घरी मुलगी झाल्याचे कळले, तर पेढे मागायला जा.